मिथेनॉल इंधनघटासाठी कमी प्लॅटिनमचा उत्प्रेरक: वजनकाट्यापासून चालत्या घटापर्यंत

स्वस्त उत्प्रेरक बनवला, आलेखात मोठा उंचवटा दिसला, पण घटात बसवल्यावर व्होल्टेजच मिळेना, ही तक्रार नेहमीची आहे. दोष बहुतेक वेळा कणांचा नसतो. चुकीच्या विभवावर चाचणी केलेली असते, धातूचे वजन कागदावरून गृहीत धरलेले असते, किंवा चाचणीच्या पहिल्या पाच मिनिटांतच नमुना खराब झालेला असतो. म्हणून खाली क्रम महत्त्वाचा मानला आहे. एका टप्प्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

उदाहरणासाठी कार्बनवर बसवलेला प्लॅटिनम-रुथेनियम उत्प्रेरक घेतला आहे. तोच का, हे पहिल्या टप्प्यात येईल.

टप्पा १: धातू नंतर, विभव आधी

मिथेनॉलच्या ऑक्सिडेशनचा समतोल विभव सुमारे ०.०२ व्होल्ट आहे आणि ऑक्सिजनच्या क्षपणाचा १.२३ व्होल्ट. म्हणजे घटाची सैद्धांतिक मर्यादा साधारण १.२१ व्होल्ट. चालू घटात प्रत्यक्षात ०.३ ते ०.५ व्होल्ट मिळतात. यावरून ॲनोडचे, म्हणजे मिथेनॉल ज्यावर ऑक्सिडाइझ होते त्या इलेक्ट्रोडचे, काम ठरते: रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (विभव मोजण्याचा संदर्भ, पुढे आरएचई) तुलनेत ०.४ ते ०.५ व्होल्टच्या आतच त्याने उपयोगी विद्युतधारा दिली पाहिजे. त्यापुढे कितीही धारा मिळाली तरी इंधनघटाला तिचा उपयोग नाही.

आता निकेल पाहा. अल्कधर्मी द्रावणात निकेल हायड्रॉक्साइडचे ऑक्सिहायड्रॉक्साइड झाले की मिथेनॉल जोरात ऑक्सिडाइझ होते, धारा भरपूर मिळते आणि धातूही स्वस्त असतो. पण हे सुरू होते आरएचईच्या तुलनेत १.३५ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजनचा विभव १.२३ आहे. कॅथोड, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड, अगदी आदर्श असला तरी असा घट वीज देणार नाही, उलट बाहेरून मागेल. हे चटकन लक्षात येत नाही, कारण आलेख पारा-मर्क्युरिक ऑक्साइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत काढलेला असतो आणि त्यावर आकडा ०.४५ असा निरुपद्रवी दिसतो. रूपांतर करून पाहा: १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये त्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा विभव सुमारे ०.१०, अधिक ०.०५९ गुणिले पीएच, म्हणजे सुमारे ०.८३. त्यात आलेखावरचे ०.४५ मिळवले की बेरीज १.३८ व्होल्ट. निकेल हायड्रोजन बनवणाऱ्या विद्युतघटात कामाचे आहे. इंधनघटाच्या ॲनोडवर ते बसवून 'स्वस्त पर्याय' म्हणणे ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे.

मग प्लॅटिनमशिवाय काहीच नाही का? कॅथोडवर आहे. लोह-नायट्रोजन-कार्बन प्रकारचे उत्प्रेरक ऑक्सिजनचे क्षपण करतात आणि मिथेनॉलकडे जवळजवळ दुर्लक्ष करतात. दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्यातून पलीकडे झिरपलेल्या मिथेनॉलमुळे प्लॅटिनम कॅथोडचा विभव घसरतो, तो त्रास इथे फार कमी होतो. ॲनोडवर मात्र तूर्त उपाय एकच: प्लॅटिनम कमी घ्यायचे, पण त्याचा कण न् कण कामाला लावायचा.

रुथेनियम कशासाठी, हेही स्पष्ट असू द्या. प्लॅटिनम मिथेनॉलचे तुकडे करते, पण त्यातून आलेला कार्बन मोनॉक्साइड त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. तो जाळायला पाण्यातून आलेला हायड्रॉक्सिल गट लागतो. शुद्ध प्लॅटिनमवर हा गट उशिरा तयार होतो, रुथेनियमवर ०.२ ते ०.३ व्होल्ट आधी.

तपासणी: काम सुरू करण्याआधी वहीत यशाची एकच व्याख्या लिहा. उदाहरणार्थ, आरएचईच्या तुलनेत ०.४ व्होल्टवर एक तास धरल्यानंतर प्लॅटिनमच्या दर मिलिग्रॅममागे किती मिलिअँपिअर उरले. शेजारी प्लॅटिनम आणि रुथेनियम मिळून येणारा आकडाही लिहा. रुथेनियमही प्लॅटिनम गटातलेच आहे. ते फुकट धरून काढलेला खर्चाचा हिशेब खोटा ठरतो.

टप्पा २: हिशेब आणि तोल

१०० मिलिग्रॅम उत्प्रेरक बनवू. धातू २० टक्के, प्लॅटिनम आणि रुथेनियमचे अणू समसमान. अणू समान म्हणजे वजन समान नव्हे. २० मिलिग्रॅम धातूत प्लॅटिनम १३.२ आणि रुथेनियम ६.८ मिलिग्रॅम येते.

• हेक्झाक्लोरोप्लॅटिनिक आम्ल, सहा रेणू पाण्यासह (रेणूभार ५१७.९): ३५ मिलिग्रॅम
• रुथेनियम क्लोराइड हायड्रेट: बाटलीवर धातूचे प्रमाण ४० टक्के असेल तर १७ मिलिग्रॅम
• कार्बन ब्लॅक (व्हल्कन एक्ससी-७२ किंवा तत्सम): ८० मिलिग्रॅम

रुथेनियम क्लोराइडच्या हायड्रेटमध्ये पाण्याचे रेणू निश्चित नसतात. पाणी नसलेल्या क्षाराचा रेणूभार धरून तोललेत तर रुथेनियम कमी पडते आणि सगळे गुणोत्तर पहिल्याच पायरीवर बिघडते. बाटलीवरची धातूची टक्केवारी वाचा.

प्लॅटिनमचा क्षार हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे दर वेळी ३५ मिलिग्रॅम तोलण्यात चूक होणारच. एकदाच जास्त क्षार घेऊन ज्ञात तीव्रतेचे साठा द्रावण करा, अंधारात ठेवा आणि पिपेटने मोजून घ्या. कार्बनही ओलावा धरतो. तो रात्रभर ११०° से.ला वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून मगच तोला.

सावध: प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांची धूळ श्वासात गेल्याने दम्यासारखी कायमची ॲलर्जी जडू शकते. हातमोजे, मास्क आणि फ्यूम हूड हवेच. क्षार स्टीलच्या चमच्याने उचलू नका. चमचा गंजतो, त्यावर प्लॅटिनम बसते आणि नमुन्यात लोह जाते. प्लॅस्टिक किंवा सिरॅमिकचा चमचा वापरा.

काचेचा फ्लास्क उजेडात धरून पाहा. मागच्या खेपेची राखाडी झाक राहिली असेल तर नवीन धातू आधी तिच्यावरच चढेल.

टप्पा ३: कण बनवणे

कार्बन सुरुवातीलाच टाकायचा की कण तयार झाल्यावर, याबद्दल मतभेद आहेत. नवख्याने दुसरी पद्धत धरावी. त्यात कणांचा आकार आणि कार्बनवरचे प्रमाण या दोन गोष्टी वेगळ्या राहतात, त्यामुळे काय चुकले हे शोधता येते.

१. धातूंची दोन्ही द्रावणे १० मिलिलिटर इथिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळा. ग्लायकॉल इथे द्रावकही आहे आणि क्षपणकही.

२. वेगळ्या १० मिलिलिटर ग्लायकॉलमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून ०.५ मोलर द्रावण करा, म्हणजे सुमारे २०० मिलिग्रॅम. ते विरघळायला वेळ लागतो, घाई करू नका. यातले निम्मे, ५ मिलिलिटर, धातूंच्या द्रावणात ढवळत ओता आणि आणखी ५ मिलिलिटर नुसते ग्लायकॉल घालून एकूण २० मिलिलिटर करा.

३. पंधरा-वीस मिनिटे नायट्रोजन सोडा. मग कंडेन्सर लावून १६०° से.वर तीन तास ठेवा, नायट्रोजन चालूच राहू द्या. तापमापी तेलात नको, द्रावणात हवी. तेलाचा आकडा आणि आतला आकडा यांत सहज दहा अंशांचा फरक पडतो.

४. पिवळसर तपकिरी द्रावण काळपट तपकिरी होते. तळाशी काही बसता कामा नये.

अल्कलीचे प्रमाण हाच इथला खरा लगाम आहे. ग्लायकॉलच्या ऑक्सिडेशनमधून ग्लायकोलेट तयार होते, ते कणांना ऋण भार देऊन एकमेकांपासून दूर ठेवते. अल्कली कमी पडली की कण वाढतात आणि गुठळ्या होतात. ग्लायकॉलमध्ये पीएच मीटरचा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून 'पीएच १२ होईपर्यंत' असे न करता अल्कली मोजून घाला. फ्लास्कच्या भिंतीवर आरसा चमकला किंवा काळे कण तरंगू लागले, तर तो घाणा टाकून द्या. पुढच्या कोणत्याही टप्प्यात तो सुधारत नाही.

५. द्रावण खोलीच्या तापमानाला आणा. ८० मिलिग्रॅम कार्बन २० मिलिलिटर पाणी आणि थोड्या ग्लायकॉलमध्ये सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी ढवळणाऱ्या यंत्राने) अर्धा तास पसरवा आणि त्यात कणांचे द्रावण ढवळत घाला.

६. तासाभराने विरळ सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबाने घालत पीएच ३ च्या आसपास आणा. पाणी भरपूर मिसळल्यामुळे आता पीएच कागद चालतो. आम्लात कार्बनचा पृष्ठभाग धन होतो आणि ऋण कण त्यावर जाऊन बसतात. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नका, कारण पुढचा सगळा टप्पा क्लोराइड काढण्यातच जाणार आहे. रात्रभर ढवळत ठेवा.

तपासणी: थोडा नमुना सेंट्रिफ्यूज करा. वरचे पाणी स्वच्छ, रंगहीन हवे. तपकिरी असेल तर धातू पाण्यातच राहिला आहे. आणखी थोडे आम्ल घालून पुन्हा ढवळा. रंगहीन पाण्यातही क्षपण न झालेला धातू लपलेला असू शकतो. त्यासाठी एक मिलिलिटर पाण्यात सोडियम बोरोहायड्राइडच्या ताज्या द्रावणाचा थेंब टाका (हूडमध्ये, हायड्रोजन सुटतो). पाणी काळवंडले तर तुमचे २० टक्के आता २० टक्के राहिलेले नाहीत. बहुतेकदा मागे राहणारा धातू रुथेनियम असतो.

टप्पा ४: धुणे आणि वाळवणे

गाळून गरम पाण्याने धुवा. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरे धुके येणे थांबेपर्यंत धूत राहा. क्लोराइड प्लॅटिनमला चिकटतो आणि मिथेनॉलची जागा अडवतो. मग व्हॅक्यूममध्ये ६० ते ७०° से.वर रात्रभर वाळवा.

सावध: वाळलेल्या प्लॅटिनम-कार्बन भुकटीवर अल्कोहोल ओतले की ती हवेत पेट घेऊ शकते. हा इशारा पुस्तकी नाही. भुकटी आधी पूर्ण पाण्याने भिजवा, मगच आयसोप्रोपेनॉल किंवा मिथेनॉल. हा क्रम कधीही उलटा करू नका. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्याची वाफ ११° से.च्या आसपासही पेटते, आणि पोटात गेल्यास दृष्टी जाते.

टप्पा ५: बनले काय ते पाहणे

क्ष-किरण विवर्तनात २५ अंशांजवळ कार्बनचा रुंद उंचवटा आणि त्यापुढे प्लॅटिनमचे उंचवटे दिसतील. शुद्ध प्लॅटिनमचा पहिला ३९.८ अंशांवर असतो. रुथेनियम जाळीत शिरले असेल तर तो थोडा पुढे सरकतो. सरकला नाही तर रुथेनियम बाहेर, बहुधा ऑक्साइडच्या रूपात, पडून आहे. ते नेहमीच वाईट नसते, पण त्याला मिश्रधातू म्हणू नका. कणांचा आकार ६७.५ अंशांजवळच्या उंचवट्यावरून काढा. तिथे इतर उंचवट्यांची सरमिसळ नसते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सुंदर कोपरा शोधून त्याचे छायाचित्र घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. वेगवेगळ्या भागांतले किमान २०० कण मोजा. २ ते ४ नॅनोमीटर अपेक्षित आहे.

धातूचे प्रमाण आयसीपीने (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. ते उपलब्ध नसेल तर हवेत कार्बन जाळून उरलेले वजन घेता येते, पण इथे एक सापळा आहे. हवेत रुथेनियमचा डायऑक्साइड होतो. ठरल्याप्रमाणे बनलेल्या १०० मिलिग्रॅम नमुन्यातून २० नव्हे, तर सुमारे २२.२ मिलिग्रॅम उरायला हवेत. नेमके २० उरले आणि तुम्ही खूश झालात, तर समजा की धातू कमी आहे.

टप्पा ६: शाई आणि इलेक्ट्रोड

४ मिलिग्रॅम भुकटी, आधी १.५ मिलिलिटर पाणी, मग ०.४८ मिलिलिटर आयसोप्रोपेनॉल, शेवटी ५ टक्के नॅफिऑन (प्रोटॉन वाहून नेणारे बहुवारिक) द्रावण २० मायक्रोलिटर. सोनिकेटरमध्ये बर्फ घाला. पाणी तापले की अल्कोहोल उडते आणि शाई गुठळते.

५ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बनचे क्षेत्रफळ ०.१९६ चौ. सें.मी. आहे. त्याला ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिनाने आरशासारखी चकाकी आणा आणि १० मायक्रोलिटर शाई सोडा. म्हणजे २० मायक्रोग्रॅम भुकटी, त्यात ४ मायक्रोग्रॅम धातू. थर कडेला जाड आणि मधे विरळ वाळला तर पुसून पुन्हा करा. असमान थरावरचा आकडा दोन दिवस जुळत नाही.

नॅफिऑन जास्त घालून थर 'घट्ट' करू नका. त्याच्या जाड थरामुळे कण झाकले जातात आणि दोष उत्प्रेरकावर येतो.

टप्पा ७: मोजमाप

सर्वाधिक नमुने याच टप्प्यात वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

द्रावण ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल किंवा ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्ल. अर्धा तास नायट्रोजन. संदर्भासाठी आम्लात चांदी-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड थेट बुडवू नका, क्लोराइड झिरपतो. मर्क्युरस सल्फेटचा इलेक्ट्रोड घ्या आणि हायड्रोजनने भरलेल्या त्याच द्रावणात त्याचे मूल्य स्वतः मोजा. पुस्तकातला आकडा डोळे झाकून वापरू नका. प्लॅटिनम नसलेला नमुना तपासताना समोरचा इलेक्ट्रोडही प्लॅटिनमचा नको. त्यातून विरघळलेला धातू तुमच्या नमुन्यावर बसतो आणि 'प्लॅटिनमविरहित' उत्प्रेरक हळूहळू चांगला होत जातो. ग्राफाइटची कांडी वापरा.

मिथेनॉल घालण्याआधी विभव ०.०५ ते ०.८ व्होल्टदरम्यान वर-खाली नेत फेऱ्या द्या, आलेख स्थिरावेपर्यंत.

सावध: शुद्ध प्लॅटिनमच्या सवयीने १.२ व्होल्टपर्यंत जाऊ नका. ०.८ च्या वर रुथेनियम विरघळायला लागते. दहा फेऱ्यांत तुम्ही मिश्रधातू बनवण्याची सगळी मेहनत द्रावणात सोडता आणि पुढे साध्या प्लॅटिनमचीच चाचणी करत राहता.

सक्रिय पृष्ठभाग हायड्रोजनच्या उंचवट्यांवरून काढण्याची पद्धत रुथेनियम असताना फसते. कार्बन मोनॉक्साइडची पद्धत वापरा: ०.१ व्होल्टवर धरून दहा मिनिटे वायू सोडा, त्याच विभवावर अर्धा तास नायट्रोजनने बाहेर काढा, मग २० मिलिव्होल्ट प्रति सेकंद गतीने वर जा. दर चौ. सें.मी.ला ४२० मायक्रोकूलंब धरतात. उंचवटा ०.५ ते ०.५५ व्होल्टच्या आसपास आला तर रुथेनियम कामाला लागले आहे. तो ०.८ कडे सरकला असेल तर मागे जाऊन रुथेनियम कुठे गेले ते शोधा. हा वायू विषारी आणि गंधहीन आहे, त्यामुळे शोधक यंत्र आणि हूड दोन्ही हवेत.

तपासणी: ३ नॅनोमीटरच्या गोल कणांचे क्षेत्रफळ हिशेबाने ग्रॅममागे सुमारे ११६ चौ. मीटर येते, म्हणजे तुमच्या ४ मायक्रोग्रॅम धातूवर ४.७ चौ. सें.मी. मोजलेला आकडा याच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तर कण झाकलेले आहेत. हिशेबापेक्षा जास्त आला तर आधाररेषा चुकली आहे.

आता १ मोलर मिथेनॉल घाला. एक आलेख काढा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. जातानाच्या आणि येतानाच्या उंचवट्यांचे गुणोत्तर काढून 'विषबाधा सहनशीलता' सांगण्याची प्रथा सोडून द्या. परतीचा उंचवटा चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा नसतो. ऑक्साइड उतरून मोकळ्या झालेल्या पृष्ठभागावर ताजे मिथेनॉल ऑक्सिडाइझ होते, त्याचा तो असतो. शिवाय दोन्ही उंचवटे घटाच्या कामाच्या विभवापलीकडे आहेत. उत्तर देते ती ०.४ व्होल्टवर तासभर धरलेली धारा. पहिल्या टप्प्यात वहीत लिहिलेला आकडा इथे भरायचा.

टप्पा ८: घटात बसवणे

२० टक्के धातूची भुकटी चाचणीला ठीक, पण घटासाठी तिच्यात धातूचे प्रमाण कमी पडते. मिथेनॉल घटाच्या ॲनोडवर दर चौ. सें.मी.ला २ ते ४ मिलिग्रॅम धातू ठेवण्याची जुनी रीत आहे. तुम्ही १ मिलिग्रॅमवर उतरलात तरी ५ मिलिग्रॅम भुकटीचा जाड थर होतो. त्यात मिथेनॉल आत पोचत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे बाहेर पडत नाहीत. घटासाठी हीच कृती ४० टक्के धातू धरून करा आणि कणांचा आकार पुन्हा तपासा. तो बहुधा थोडा वाढलेला असेल.

नॅफिऑन ११७ पडदा ८०° से.वर क्रमाने ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल आणि पुन्हा पाणी यांत तासतासभर ठेवा. इलेक्ट्रोडसह १३०° से.वर काही मिनिटे दाबा. १ मोलर मिथेनॉल आणि ६०° से.पासून सुरुवात करा. तीव्रता वाढवली की धारा वाढेल असे वाटते, पण आधी वाढते ते झिरपणे.

ॲनोड वेगळा ओळखायचा असेल तर कॅथोडच्या बाजूने हवेऐवजी हायड्रोजन सोडा आणि बाहेरून विद्युतदाब द्या. ती बाजू आता संदर्भही होते. अशा मोजणीत ॲनोड चांगला आणि हवेवर घट खराब असेल तर कॅथोडकडे किंवा पडद्याकडे वळा, उत्प्रेरक पुन्हा बनवत बसू नका.

भार जोडण्याआधी मिथेनॉल पूर्ण पोचलेले असू द्या. इंधन तुटले की ॲनोडचा विभव उसळतो आणि रुथेनियम सुटते. सुटलेले रुथेनियम पडद्यातून कॅथोडवर जाते आणि तिथल्या प्लॅटिनमचे ऑक्सिजनवरचे काम मंदावते. काही दिवस चालवलेल्या घटाच्या प्लॅटिनम कॅथोडवर कार्बन मोनॉक्साइडची चाचणी करा. उंचवटा खाली सरकलेला दिसला तर रुथेनियम पोचले आहे. अशा वेळी पुढच्या घाण्यात भुकटी शाई करण्याआधी ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात काही तास ढवळून सुटे रुथेनियम आधीच काढा, धुवा, आणि धातूचे प्रमाण नव्याने मोजा.